मिंटो कप पोरांच्या हातून काढून प्रो लीगला द्यायचा? कशासाठी?

हॅमिल्टनचा हरी (धागालेखक)

लॅक्रॉसच्या (जाळीच्या काठीने चेंडू झेलत-फेकत खेळायचा कॅनडाचा खेळ) एका ग्रुपवर सध्या एक पोस्ट फिरतेय. तिचा सारांश असा: "एन.एल.एल.चा (नॅशनल लॅक्रॉस लीग, उत्तर अमेरिकेतली प्रो लीग) कप म्हणजे कालचं पोर. बफेलोने 2023, 2024, 2025 असा सलग तीनदा उचलला तरी अंगावर काटा येत नाही. लीगने तो मोडीत काढावा आणि 1901 चा मिंटो कप परत आणावा. तो मुळात प्रोफेशनल लोकांचाच होता." खाली "अगदी मनातलं बोललात"ची रांग लागली आहे. तिथे दोन ओळींत उत्तर देणं शक्य नव्हतं.

तो मुळात प्रोफेशनल लोकांचा नव्हताच. लॉर्ड मिंटोने कॅनडाचा गव्हर्नर जनरल असताना तो दिला, सीनियर हौशी विजेत्यासाठी. पैसे घेऊन खेळणारे त्यात मागाहून शिरले आणि असे शिरले, की हौशी लोकांना जिंकायला काही उरलंच नाही. म्हणून 1910 मध्ये रेल्वेवाल्या सर डोनाल्ड मानने सोन्याचा मान कप वेगळा दिला. म्हणजे मिंटो एकदा हिसकावून झालेला आहे. 1911 मध्ये व्हँकुव्हरने न्यूझी लालोंद या खेळाडूला एका मोसमाचे 5000 डॉलर दिले तो हाच काळ. पुढे 1920च्या दशकात प्रो लॅक्रॉस बसलं आणि कप कपाटात गेला. 1937 पासून तो ज्युनियर ए चा आहे, 21 वर्षांपर्यंतच्या पोरांचा. प्रो लोकांकडे तो दोन दशकंही धड नव्हता. पोरांकडे साडेआठ दशकांहून जास्त काळ आहे. मग मूळ मालक कोण?

आणखी एक. 1901 ला जो खेळ चालायचा तो मोकळ्या मैदानावर, एका बाजूला बारा गडी. एन.एल.एल. खेळते तो बॉक्स: पाच आणि एक गोली, आईस हॉकीच्या रिंकात, 30 सेकंदांचा शॉट क्लॉक (तेवढ्यात गोलावर फटका मारायचा). बॉक्स जन्मला 1931 च्या आसपास, उन्हाळ्यात रिकाम्या पडणाऱ्या हॉकीच्या अरेनांचं भाडं निघावं म्हणून. त्या खेळाचा कप त्याच्या स्वतःच्या इतिहासातून यायला हवा.

लीगने काय करावं ते सांगतो. आधी चॅम्पियन्स कप होता, मग एन.एल.एल. कप झाला. आता पुरे. नाव, आकार, काही बदलू नका. फक्त तो नीट घडवा. खरी चांदी, आईस हॉकीच्या स्टॅनली कपासारखे पट्टे, आणि दरवर्षी त्यांवर प्रत्येक खेळाडूचं नाव कोरा. हिशेब सोपा आहे. 30 सेंमी व्यासाचं पिंप, परीघ साधारण 94 सेंमी. 9 सेंमी उंचीच्या एका पट्ट्यावर आठ खण, प्रत्येक खण पावणेबारा सेंमी रुंद. 3 मिमी उंचीची अक्षरं आणि तीन स्तंभ धरले तर एका खणात 40 नावं आरामात बसतात. पाच पट्टे म्हणजे 40 वर्षं. एवढं करायला मिंटोच्या कबरीपर्यंत जायची गरज नाही.

आडमुठा

ती पोस्ट माझीच. चोरून सारांश देण्यापेक्षा टॅग केलं असतंत तर बरं झालं असतं.

हरीभाऊ, तुमचा सगळा डोलारा "मुळात हौशी होता" यावर उभा आहे. मग स्टॅनली कप काय होता? 1892 ला लॉर्ड स्टॅनलीने 10 गिनीत वाडगा घेतला तो हौशी संघांसाठीच. पैसेवाले शिरले, हौशी बाहेर पडले, 1908-09 ला त्यांच्यासाठी अॅलन कप आला. अगदी तुमच्या मिंटो-मान जोडीसारखं. ग्रे कप 1909 चा, तोही हौशी कॅनेडियन फुटबॉलचा, आज प्रो लीगचा. कोणी म्हणतं का एन.एच.एल.ने (आईस हॉकीची प्रो लीग) स्टॅनली परत करावा? गव्हर्नर जनरलांनी दिलेल्या तीन कपांपैकी दोन प्रो लीगांनी मोठे केले. तिसरा तेवढा सोवळ्यात.

आणि बारा गड्यांचं मैदान, बॉक्स वगैरे सांगता, तर आज मिंटो कपासाठी पोरं काय खेळतात? बॉक्सच ना? तो युक्तिवाद तुमच्याच पायावर पडला.

पोरांना दुसरा कप द्या. त्यांचं काही जाणार नाही. एन.एल.एल.ला मात्र वय मिळेल. 1987 ला चार संघांनी सुरू झालेली लीग, तिच्या पहिल्या विजेत्याचं, बाल्टिमोर थंडरचं, नाव आज किती प्रेक्षकांना सांगता येईल?

हॅमिल्टनचा हरी

@आडमुठा, स्टॅनलीची साखळी तुटली नाही. 1919 ला फ्लूमुळे आणि 2005 ला लॉकआउटमुळे कोणी जिंकला नाही एवढंच. मधल्या काळात तो कोणा दुसऱ्याचा झाला नाही. मिंटोची प्रो साखळी पार तुटली आणि मग पोरांनी नवी जोडली. वापरात असलेली वस्तू उचलणं आणि पडून असलेली उचलणं यात फरक असतो.

बॉक्सचा मुद्दा दिला तुम्हाला. खुश व्हा.

बफेलोकर

"अंगावर काटा येत नाही" हे वाक्य कोणी लिहिलं ते कळलं, धन्यवाद. 2016 ला सास्कॅचवानकडून, 2019 ला कॅलगरीकडून, 2022 ला कोलोरॅडोकडून फायनल हरायची. मग 2023 ला त्याच कोलोरॅडोला तिसऱ्या सामन्यात काढायचं, 2024 ला ऑल्बनीला सरळ दोनात, 2025 ला सास्कॅचवानला पुन्हा तिसऱ्यात. यात ज्याला काटा येत नाही त्याने बुद्धिबळ बघावं.

कप कसला आहे याने काय फरक पडतो? सलग तीन जिंकणारे बफेलोच्या आधी एकच, रोचेस्टर, 2012 ते 2014. त्या तिन्ही वेळी कपाचा धातू कोणता होता हे इथल्या किती जणांना ठाऊक आहे? एकालाही नाही. विजय लक्षात राहतो.

मंडालेकर

तुम्ही ज्या मिंटोबद्दल इतक्या प्रेमाने बोलताय तो मोर्ले-मिंटो सुधारणांमधला मिंटो आहे, हे कोणाच्या लक्षात आलंय का? कॅनडातून 1904 ला निघाला, 1905 ला हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला, 1910 पर्यंत होता. 1909 चे वेगळे मतदारसंघ याचेच. आणि 1908 मध्ये न्यू वेस्टमिन्स्टरचे सॅमनबेलीज मॉन्ट्रियलला जाऊन शॅमरॉक्सकडून मिंटो कप घेऊन आले, त्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा. मराठी माणसाने या नावाचा कप उचलावा म्हणून गळा काढणं मला पटत नाही.

आडमुठा

@मंडालेकर, इतिहास अर्धाच सांगू नका. टिळकांवरचा खटला मुंबई सरकारचा, गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क, न्यायाधीश दावर. लंडनमध्ये बसलेल्या भारतमंत्री मोर्लेला तर तो खटला भरणंच पटलं नव्हतं. व्हाइसरॉय मिंटो होता म्हणून कप बाटला असेल तर इंग्रजांनी नावं दिलेली अर्धी मुंबई पाडावी लागेल.

मंडालेकर

व्हाइसरॉयच्या हाताखालचं सरकार खटला भरतं आणि व्हाइसरॉयचा संबंध नाही! मस्त. वेगळ्या मतदारसंघांवर मात्र सोयीस्कर मौन.

सास्काटूनची सई

मिंटोचा खरा प्रश्न पुण्यात नाही, कॅनडातच आहे. 1867 ला मॉन्ट्रियलच्या जॉर्ज बीअर्सने हॉदेनोशोनी (इरोक्वॉय, सहा आदिवासी राष्ट्रांचा संघ; ओनोंडागा त्यातलंच एक) लोकांच्या खेळाला लेखी नियम दिले. 1880 ला तिथल्या राष्ट्रीय संघटनेने "फक्त हौशी" असा नियम केला. आदिवासी संघ प्रवासखर्च आणि मानधन घ्यायचे, त्यामुळे ते आपोआप "प्रोफेशनल" ठरून बाहेर. ज्यांचा खेळ, तेच दाराबाहेर. 1901 चा कप या व्यवस्थेच्या माथ्यावर ठेवलेला आहे. आणि एन.एल.एल.ची अलीकडची नावं घ्या: 2017 ला जॉर्जिया जिंकली तेव्हा संघात लाईल आणि माइल्स थॉम्सन, ओनोंडागाचे. 2014 चा एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू) कोडी जेमिसन, सिक्स नेशन्स या ऑन्टारिओतल्या आदिवासी वस्तीचा. यांच्या हातात त्या काळच्या गव्हर्नर जनरलचा कप देणार?

माझं मत: कप नकोच. विजेत्याला हिकरीच्या चिवट लाकडाची लॅक्रॉस स्टिक द्या, ओनोंडागा किंवा सिक्स नेशन्सच्या कारागिराने केलेली. हिकरीचा ओंडका कुऱ्हाडीने फोडून त्याचे फाळे करतात, वाफ देऊन टोक वाकवतात, बांधून महिनोन्‌महिने वाळवतात, मग तासून घेतात आणि चामड्याच्या वाद्या-दोऱ्यांनी जाळी विणतात. घाई केली तर वाक परत उघडतो. दरवर्षी नवी स्टिक, ती जिंकणाऱ्याकडे कायमची.

कॅलगरीचे काका

सईताई, पहिला अर्धा भाग शंभर टक्के मान्य. दुसऱ्यात मोठी गडबड आहे. हॉदेनोशोनी परंपरेत पुरुषांच्या लाकडी स्टिकला बायकांनी हात लावायचा नसतो. ती स्टिक औषधी खेळाचा (आजार बरा व्हावा म्हणून खेळतात तो) भाग आहे, शोभेची वस्तू नव्हे. आता फायनलनंतर टर्फवर काय होतं ते डोळ्यासमोर आणा. खेळाडूंच्या आया, बायका, मुली, ट्रेनर, वार्ताहर, सगळ्यांच्या हातातून तो कप फिरतो. मग एकतर परंपरा मोडणार, नाहीतर बायकांना सांगणार की लांब उभ्या राहा. लीगने कारागिरांना आणि जुन्याजाणत्यांना न विचारता हे केलं तर आणखी वाईट. अमेरिकेतल्या कॉलेज लॅक्रॉसचा टेवारटन पुरस्कार सुरू करताना मोहॉक वडीलधाऱ्यांची संमती घेतली होती आणि तिथेही खरी स्टिक दिली नाही, ब्राँझचा पुतळा केला.

सास्काटूनची सई

काका, हा मुद्दा वजनदार आहे. पण "मग इंग्रजाचा चांदीचा वाडगाच बरा" हा निष्कर्ष त्यातून निघत नाही, एवढं लिहून ठेवते.

ठसेवाला

इतका वेळ गप्प बसलो होतो. हरीभाऊंच्या "हिशेब सोपा आहे"वर मात्र बसवेना.

पहिलं गणित. 1987 ते 2025 मध्ये 2020 आणि 2021 सोडून 37 विजेते झाले. तुमच्या पाच पट्ट्यांवर 40 खण. म्हणजे जुनी नावं घातलीत तर कप घडवल्या दिवशीच तीन खण शिल्लक. चौथ्या वर्षी वरचा पट्टा काढून निवृत्त करावा लागणार. स्टॅनलीवरही तेच करतात, तिथे एका पट्ट्यावर 13 संघ आणि असे पाच, सर्वांत जुना काढून टोरोंटोच्या हॉल ऑफ फेममध्ये ठेवतात. पण त्यांना ती वेळ अनेक दशकांनी आली. तुम्हाला लगेच येणार, आणि आठ-आठ वर्षांनी येत राहणार.

दुसरं, वजन. 94 सेंमी बाय 9 सेंमी, 1 मिमी जाडीचा स्टर्लिंग चांदीचा पत्रा. घनता 10.36 धरली तर एका पट्ट्याला साधारण 880 ग्रॅम. पाच पट्टे म्हणजे 4.4 किलो, ही नुसती कातडी. आतलं पिंप, वाडगा, मान, तळ धरून स्टॅनली साडेपंधरा किलोच्या घरात जातो. तेही खेळाडूला डोक्यावर धरून पळता येतं म्हणून चालतं. 18 च्या पुढे गेलात की एका हाताने कोणी उचलणार नाही आणि दोघांनी मिळून उचलायला गेलं की पडणार.

तिसरं, नावं "कोरा" म्हणालात. कशी? स्टॅनलीवर नावं कोरत नाहीत, ठोकतात. पोलादी ठसा, हातोडी, एकेक अक्षर. 1 मिमी पत्र्यावर ठसा मारला की धातू बाजूला सरकतो, पट्टा हळूहळू लांबतो आणि कमानीसारखा फुगतो. मागे घट्ट पोलादी कडं नसेल तर आठ खण संपेपर्यंत टोकं जुळत नाहीत. शिवाय ठोकून चांदी कडक होते. मऊ करायला 650 अंशांच्या आसपास तापवली की स्टर्लिंगमधलं साडेसात टक्के तांबं ऑक्सिजन धरून जांभळट डाग उमटवतं, ते घासून काढताना आधीची अक्षरं बोथट होतात. म्हणून पट्टा पिंपावर चढवायच्या आधी मऊ करून घ्यायचा, नंतर पुन्हा आगीत घालायचा नाही.

बफेलोकर

एवढं करण्यापेक्षा पितळेचा करून चांदीचा मुलामा द्या. लांबून कोणाला कळतं?

ठसेवाला

@बफेलोकर, तिसऱ्या वर्षी सगळ्यांना कळतं. पितळेवर आधी निकेलचा थर, त्यावर चांदी. चांगल्या कामात 20 ते 25 मायक्रॉन, स्वस्तात 5. कोरणाऱ्या यंत्राचं टोक हा थर सहज फोडून खाली पितळेत शिरतं. पहिल्या दिवशी अक्षर सोनेरी दिसतं, लोक खुश. वर्षभरात ते तपकिरी, मग हिरवट. उपाय एकच: आधी कोरा, मग मुलामा द्या. म्हणजे दरवर्षी पट्टा सोडवा, जुना मुलामा उतरवा, कोरा, पुन्हा द्या. आणि दर वेळी जुनी अक्षरं भरत जातात.

लोक मग पळवाट काढतात, छोट्या पट्ट्या कोरून दुहेरी टेपने चिकटवतात. गोल पृष्ठभागावर सपाट पट्टी दोन्ही टोकांना ओढ घेते. त्यात बाहेर उणे वीस, आत गरम बस, पुन्हा बाहेर. टोक उचललं की बाही अडकते आणि पट्टी गेली. लावायचीच असेल तर पट्टी आधी त्याच त्रिज्येत वाकवून घ्या आणि चार कोपऱ्यांना स्क्रू.

हॅमिल्टनचा हरी

@ठसेवाला, 37 चं गणित बरोबर आहे, शाबास. सहा पट्टे करा. 48 खण. आणि पहिल्या दहा वर्षांची, म्हणजे 1987 ते 1996 ची, फक्त संघांची नावं तळावर घ्या. मोकळे 21 खण उरतात.

रॉकभक्त

फक्त संघांची नावं? आणि कोणाची? हा प्रश्न कोणी विचारतच नाही. रोचेस्टर नाइटहॉक्सची पाच विजेतेपदं. 2019 ला मालक संघ घेऊन हॅलिफॅक्सला गेला, नाव-चिन्ह रोचेस्टरमध्ये राहिलं, त्या नावाने नवा संघ आला. मग 2012-13-14 ला कोण जिंकलं? आज रोचेस्टरच्या जर्सीत खेळणाऱ्या संघाचा त्याच्याशी काय संबंध? फिलाडेल्फिया विंग्जचं तेच. सहा विजेतेपदं, 2014 नंतर मूळ संघ कनेक्टिकटला गेला, पुढे ऑल्बनीला. 2018-19 पासून फिलाडेल्फियात नवे विंग्ज. एडमंटन रशने 2015 ला कप उचलला आणि त्याच उन्हाळ्यात संघ सास्काटूनला. 2016 ला तोच संघ दुसऱ्या नावाने जिंकला. वॉशिंग्टन स्टेल्थ 2010 ला जिंकले, आता व्हँकुव्हरला वेगळ्या नावाने आहेत.

आणि माझी जुनी तक्रार आहेच. टोरोंटो रॉक नावाचा संघ 2021 ला हॅमिल्टनला हलवला. उद्या जिंकला तर पट्ट्यावर काय ठोकणार?

हॅमिल्टनचा हरी

टोरोंटो. रजिस्टरवर जे नाव ते. हॅमिल्टनकर असून सांगतोय. आणि मूळ ऑन्टारिओ रेडर्स 1998 ला हॅमिल्टनलाच होते, तुम्हीच 1999 ला पळवलेत, तेव्हा रडारड बंद करा.

रॉकभक्त

पळवल्यावर त्याच वर्षी जिंकलो. मग 2000, 2002, 2003, 2005, 2011. तुमच्याकडे राहिले असते तर?

सास्काटूनची सई

एडमंटनबद्दल टोमणा पोचला. पण रॉकभक्तांचा मुद्दा नेमका माणसांची नावं घालण्याच्या बाजूचा आहे. बाल्टिमोर थंडर गेले, डेट्रॉइट टर्बोज गेले, संघ उठून जातात. 2015 आणि 2016 च्या याद्या शेजारी ठेवल्या की तोच संघ आहे हे कोणालाही दिसेल, खुलासा करायची गरज नाही. हरीभाऊंचा "पहिली दहा वर्षं फक्त संघ" प्रस्ताव म्हणूनच वाईट आहे. ज्यांचे संघ मेले त्यांचीच माणसं गाळणार!

आडमुठा

मिंटोवर 1901 पासूनची परंपरा आयती मिळत होती. इथे आता पट्ट्यांचं बांधकाम खातं उघडलंय.

ठसेवाला

@आडमुठा, मिंटो घेतलात तरी हेच करावं लागणार. जुन्या चांदीच्या कपावर आधीच नावं भरलेली असतात. त्याला नवा तळ जोडणार कसा? घाईत कोणीतरी कथलाच्या डाखाने जोडतो, 190 अंशांवर वितळतो, सोपा पडतो. पुढे कधी तो भाग चांदीच्या डाखाने दुरुस्त करायचा म्हटलं की 700-780 अंशांची आग लागते, आणि उरलेलं शिसं-कथील चांदीला खात जातं, खड्डे पडतात. त्याशिवाय शिसाचा डाख असलेल्या भांड्यातून लोक बिअर पिणार. जुन्या वस्तूला हात लावायचा तर आधी प्रत्येक सांधा कोणत्या डाखाचा आहे ते तपासा. म्हणूनच म्हणतो, जुनी वस्तू काचेत राहू द्या.

कॅलगरीचे काका

अवांतर वाटेल, पण बिअरचा विषय निघालाय म्हणून. असल्या कपांची देखभाल पहिल्या रात्रीच बिघडते. आतला भाग त्याच रात्री कोमट पाणी आणि साध्या साबणाने धुऊन, मऊ फडक्याने कोरडा करायचा. डिशवॉशर नाही, टूथपेस्ट नाही. आणि कोणी उत्साहाने पितांबरी आणेल, ती तांब्या-पितळेला ठीक. चमक टिकावी म्हणून आतून लाखेचं पॉलिश मारणारेही असतात, ते दारूने विरघळतं आणि पिणाऱ्याच्या पोटात जातं.

रॉकभक्त

अॅल्युमिनियम फॉइल, खायचा सोडा आणि गरम पाणी. दहा मिनिटांत लख्ख.

ठसेवाला

सुट्या चमच्याला ठीक. कपाला नको. एक म्हणजे अक्षरांच्या खोलगटीतला काळा मुद्दाम ठेवलेला असतो, त्यावरच नाव वाचता येतं. फॉइल-सोडा तो पण काढून टाकतो, मग 3 मिमीचं नाव दोन फुटांवरून दिसत नाही. दुसरं म्हणजे पाणी सांध्यातून पिंपाच्या पोकळीत शिरतं आणि तिथे महिनाभर बसतं.

काळं पडण्याचं खरं कारण पेटीत असतं. चांदीला गंधक चालत नाही. प्रवासाच्या पेटीत रबरी फोम किंवा लोकरीचं अस्तर असेल तर कप बंद पेटीत काळा पडतो. पॉलिथिलीनचा फोम घ्या, वर गंधकरोधक फडकं. रबरबँडने काहीही बांधू नका, त्याची काळी रेघ उमटते आणि ती घासून जाता जात नाही. पांढरे सुती हातमोजे फोटोत छान दिसतात पण गुळगुळीत चांदीवर निसटतात, नायट्राइलचे घ्या.

बफेलोकर

हातमोजे! तिसऱ्या सामन्यानंतर कोण हातमोजे घालणार? 2022 ला कोलोरॅडोच्या हॉकीवाल्यांनी स्टॅनली हातात आल्यावर काही मिनिटांत बर्फावर आपटला, तळाला पोचा. पोचा काय, काढून टाकला. चांदी वापरायची ती याचसाठी ना, ठोकून सरळ होते म्हणून?

ठसेवाला

हे मात्र बरोबर बोललात. अनपेक्षित आहे, पण बरोबर.

पोचा काढता येतो, जर आत हात किंवा ऐरणीचं टोक पोचत असेल तर. बंद पिंप असेल तर नाही. म्हणून रचना उलगडणारी हवी. मधून 10 मिमीचा स्टेनलेस दांडा, खाली तळपट्टी, आत नायलॉनचं कडं असलेला नट. साधा नट लावलात तर बसच्या हादऱ्यांनी सैल होतो, वाडगा गोल फिरायला लागतो आणि मग कोणीतरी वरून आवळायला जाऊन मान पिळतो. ते टाळायला वाडग्याच्या बुडाशी एक खुंटी, पिंपाच्या भोकात बसणारी. आतलं पिंप अॅल्युमिनियमचं, चांदीचे पट्टे त्यावर नुसते सरकवलेले, सांध्याला आतून स्क्रू. वजन सगळं दांड्यावर, कातडीवर काही नाही.

सगळ्यात कमकुवत जागा मान. 2006 ला ब्रिटिश कोलंबिया लायन्सच्या जल्लोषात ग्रे कप तिथेच सुटला, वाडगा वेगळा, पिंप वेगळं. लोक कप वाडग्याला धरून उचलतात आणि खालचे दहा-बारा किलो त्या सांध्यावर लोंबकळतात. मानेच्या आत तीन-चार सेंमीची बाही घाला आणि चांदीच्या डाखाने जोडा. कान, म्हणजे बाजूच्या मुठी, लावूच नका. लावल्यात तर लोक त्यांनाच धरणार.

आडमुठा

मिंटोला कान असतील म्हणून नकोय का आता?

ठसेवाला

कान नकोत हे नव्या कपाबद्दल बोललो. वाचा.

मंडालेकर

मिंटो गेला हे छान झालं. कोणत्या कारणाने गेला याच्याशी मला देणंघेणं नाही.

सास्काटूनची सई

गेला कुठे? 21 पर्यंतची पोरं याही उन्हाळ्यात त्याच्यासाठीच खेळणार आहेत. 1880 चा प्रश्न तसाच आहे आणि धाग्यात सगळे नट-बोल्ट मोजतायत.

हॅमिल्टनचा हरी

सईताई, नट-बोल्टातूनच तुमचा प्रश्न सुटू शकतो. तळाचा पट्टा, जो कधी निवृत्त होत नाही, त्यावर सहा राष्ट्रांची नावं घ्या: मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कयुगा, सेनेका, टस्करोरा. आणि पहिल्या दहा वर्षांच्या याद्या पूर्ण घ्यायच्या हे मान्य करतो, पट्टे सात झाले तरी चालतील. ठसेवाले, सातव्या पट्ट्याने वजन किती वाढेल?

सास्काटूनची सई

त्यांना विचारून. आणि ते काय म्हणतील ते लेखी घेऊन. नाहीतर तेही शोभेचंच.

ठसेवाला

880 ग्रॅम, तेच. पण सातात उंची 63 सेंमी होते नुसत्या पिंपाची, राष्ट्रांचा तळपट्टा, वाडगा आणि मान वेगळी. स्टॅनली अख्खा नव्वद सेंमीच्या आत आहे. पट्टा 9 ऐवजी 8 सेंमीचा करा, 40 नावांना चौदा ओळी लागतात, 5 मिमी अंतराने 70, वर संघ आणि वर्षाला 10. नेमकं बसतं. कडेला श्वास नाही, म्हणून पट्ट्यांच्या मधे 2 मिमीची गोल पट्टी हवी.

आणि याद्या. ठसा एकदा बसला की बसला. स्टॅनलीवर 1981 ला आयलँडर्सच्या नावातलं एक अक्षरच गायब आहे, 1972 ला बोस्टनचं नाव बिघडलंय, गोली जॅक प्लांटचं नाव पाच वेगवेगळ्या तऱ्हांनी आहे. 1984 ला एडमंटन ऑयलर्सच्या मालकाने वडिलांचं नाव घुसवलं, त्यावर पुढे फुल्यांची रांग मारावी लागली. चूक दुरुस्त करायची तर मागून ठोकून अक्षर वर आणायचं, चांदीने भरायचं, घासायचं, पुन्हा ठसा. जागा कायम दबलेली दिसते. म्हणून यादी संघाकडून टाइप केलेली, प्रत्येक खेळाडूच्या सहीसकट. आधी शिशाच्या पत्र्यावर पूर्ण खण ठोकून बघायचा, त्याचा फोटो संघाला, होकार आला की चांदी.

बफेलोकर

आणि मालकाचे वडील?

ठसेवाला

तीन सामने खेळले असतील तर घेऊ.